नळीला विचारा : गोळीचे माप आणि सत्तावन्न

मागच्या व्याख्यानानंतर खाली पायऱ्यांवर एका तरुण श्रोत्याने मला थांबवले. म्हणाला, "सर, काडतुसाला चरबी लावायचीच कशाला? नसती लावली तर सत्तावन्न झालंच नसतं का?" प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर इतिहासकार दीडशे वर्षे भांडताहेत, त्यात मी आज भर घालणार नाही. पहिल्या भागाचे उत्तर मात्र अगदी नेमके आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ते सहसा सापडत नाही. चरबी लावायची, कारण गोळी नळीच्या मापाच्या फार जवळ आली होती. पाव मिलिमीटरसुद्धा फट उरली नव्हती. आज मी या फटीबद्दलच बोलणार आहे.

आधी सगळ्यांच्या ओळखीचा एक शब्द घेऊ. बारा बोअर. आपल्याकडे शेतीच्या राखणीसाठी, नाहीतर घराण्याची म्हणून, ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक असे, ते अभिमानाने सांगायचे, "बारा बोअर आहे." हे बारा म्हणजे काय बारा? इंच नव्हे, सेंटिमीटर नव्हे. एक पौंड शिसे घ्या, त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या करा, आणि त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा वाढला की नळी बारीक का होते, हे कोडे असे सुटते. बघा, म्हणजे नळीचे नाव गोळीवरून पडले, आणि गोळीचे माप शिशाच्या वजनावरून. मोजपट्टी नव्हती तेव्हा तराजू होता.

आपल्याकडेही हीच रीत होती. ऐन-इ-अकबरीत अबुल फझलने बादशाही बंदुकांचे वर्णन केले आहे, त्यात मोठ्या बंदुकीची गोळी पंचवीस टांकांची आणि लहानीची पंधरा टांकांची असे वजन दिले आहे. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद. प्रत्येक बंदुकीचे कच्चे लोखंड किती, घडल्यावर किती उरले, लोखंड कुठले, कारागीर कोण, जागा कोणती, तारीख काय, हे सगळे टिपून ठेवत. एकेका बंदुकीची अशी जन्मपत्रिका का लागावी? कारण दोन बंदुका सारख्या नसत. लोहार पट्टी तापवून, वळवून, सांधून नळी करी, मग आतून तासून गुळगुळीत करी. हाताच्या त्या कामात एक नळी केसभर रुंद, दुसरी केसभर अरुंद व्हायचीच. मग एकीची गोळी दुसरीला कशी चालणार?

आता जरा गावाकडे येऊ. आमचे आजोळ पाटणच्या खोऱ्यात. तिथे माझ्या लहानपणी एका घरी ठासणीची बंदूक होती. रानडुकरे भुईमुगाच्या वावरात शिरत, त्यासाठी. ज्यांची बंदूक ते म्हातारे आमच्या नात्यातले नव्हते, पण सगळी पोरे त्यांना आबाच म्हणत. आबा गोळ्या घरीच ओतायचे. शिसे मिळेल तिथून जमवायचे, बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांना लावतात त्या शिशाच्या मण्यांचे. चुलीवर लोखंडी पळीत ते वितळायचे. शिसे तीनशे सत्तावीस अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे चुलीच्या आचेला जड नाही. वर राखेसारखी मळी यायची, ती काडीने बाजूला सारायची. खालचे शिसे आरशासारखे चमकले की साचा उघडायचा. साचा म्हणजे सांडशीसारखा, दोन्ही पात्यांत अर्धी अर्धी गोल खोबण. पहिल्या दोन-तीन गोळ्या सुरकुतलेल्या निघत, कारण साचा थंड असे. त्या परत पळीत जात. पुढच्या गुळगुळीत. प्रत्येकीला वर ओतल्या जागी एक शेंडी राही, ती सुरीने कापायची, पाट्यावर गोळी घोळवायची. शिशाचा धूर अंगाला वाईट, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हते. आम्ही पोरे तिथेच चुलीशी कोंडाळे करून बसायचो.

आणि मग मापाचा प्रसंग. आबा गोळी नळीच्या तोंडाशी धरत. हलकेच सोडली आणि ती खडखडत खाली गेली तर गोळी लहान. तिच्याभोवती चिंधी गुंडाळायला हवी. तोंडाशीच अडकली तर कानशीने घासायची. मी एकदा विचारले, "आबा, नेमकं माप काय?" आबा म्हणाले, "नळीला विचार. मला काय इचारतोस?"

मी पुढे आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, पण एखाद्या पाठ्यपुस्तकाने इतके स्वच्छ उत्तर मला दिल्याचे आठवत नाही. आपल्या वैशेषिकांनी हा फरक फार बारकाईने केला आहे. परिमाण हा गुण एका द्रव्यात राहतो. गोळी एवढी मोठी, हे गोळीपुरते खरे. संयोग मात्र द्विष्ठ, तो दोघांत मिळून राहतो. 'गोळी मापाची आहे' हे वाक्य दिसते परिमाणाचे, पण आहे संबंधाचे. एकटी गोळी मापाची नसतेच. म्हणून गोळी आणि नळी या दोन्ही ज्याच्या हातात, त्यालाच माप कळते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे बराकपूरला गेल्यावर लागेल.

माप चुकले तर काय होते? गोळी फार लहान असली तर दारूचा वायू बाजूच्या फटीतून निसटतो, गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते, आणि शेवटचा धक्का डावीकडे लागला की उजवीकडे, यावर ती कुठे जाणार ते ठरते. नेम धरणारा धरो बिचारा. गोळी फार मोठी असली तर ती अर्ध्यावर अडकते, दारूवर नीट बसत नाही, मध्ये पोकळी राहते. मग बार काढला की नळी फुटायची भीती. शिवाय काळ्या दारूची काजळी प्रत्येक बाराबरोबर नळीत साचते. पहिल्या बाराला आरामात गेलेली गोळी दहाव्या बाराला रुतते. शिकारी दोन बारांमध्ये नळी पुसू शकतो. लढाईतला शिपाई?

मराठ्यांच्या काळात हा सगळा हिशेब बंदूकवाल्याच्या पिशवीत असे. ग्रँट डफने मावळ्यांबरोबर कोकणातल्या हेटकऱ्यांचा उल्लेख केला आहे, मावळे तलवारीचे आणि हेटकरी बंदुकीच्या नेमाचे. शिसे आपल्या मुलखात पिकत नव्हते, ते बाहेरून आणावे लागे. शिवाजी महाराजांना सुरतेच्या फ्रेंच वखारीतून तोफा आणि बंदुकांसाठी शिसे मिळाल्याची नोंद रॉबर्ट ऑर्मने केली आहे. म्हणजे परदेशातून आले ते शिसे. गोळी इथेच, ज्याच्या त्याच्या साच्यात होई. गडावर शिशाचा साठा करायचा आणि साचा ज्याचा त्याने बाळगायचा, यात एक शहाणपणही होते, कारण वितळवलेले शिसे कुठल्याही नळीचे होते.

अठराव्या शतकात कवायती फौजा आल्या आणि हे पालटले. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी, मग महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने उभ्या केलेल्या. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली त्यांच्या बंदुका घडत. हजार माणसे एका हुकुमाला बार काढणार असतील तर हजार साचे चालत नाहीत. एकच गोळी सगळ्या नळ्यांत गेली पाहिजे. ती कशी जाणार? नळ्या तर अजून हातच्याच. यावर इंग्रजांनी आणि इतरांनीही शोधलेला तोडगा सोपा होता, गोळीच लहान करा. ब्राउन बेस या प्रसिद्ध बंदुकीची नळी पाऊण इंचाची आणि गोळी साधारण ०.६९ इंचाची. दीड मिलिमीटरची फट! अरुंद नळीतही जाईल, काजळी धरलेल्या नळीतही जाईल. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसे, पण समोर माणसांची भिंत असल्यावर नेम हवाच कुणाला. शिपाई कागदाचे काडतूस दातांनी फाडी, दारू ओती, गोळी टाकी, गजाने ठासी. कंपनीचा हिंदुस्थानी शिपाई हे पिढ्यान् पिढ्या करत होता. दातांनी फाडण्याला त्याची हरकत कधीच नव्हती, हे नीट ध्यानात घ्या. कोरडा कागद, त्यात काय आहे ते दिसते आहे.

मग रायफल. नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडल्या तर गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते, हे युरोपात फार आधीपासून ठाऊक होते. अडचण एकच. खाचांनी गोळीला पकडायचे तर गोळी घट्ट हवी, आणि तोंडातून ठासायची तर सैल हवी. या दोन मागण्या एकमेकींच्या उलट. इंग्रजांनी बेकर रायफल काढली तेव्हा सुरुवातीला शिपायांना गोळी आत ठोकायला लाकडी हातोड्या दिल्या होत्या. लढाईत हातोडी घेऊन बसायचे, कल्पना करा.

तोडगा फ्रान्समधून आला. क्लोद-एत्येन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने तो ओळखला जातो, साल १८४९ च्या आसपास. गोळी गोल न करता लांबट करायची आणि तिच्या बुडाला पोकळी ठेवायची. आत जाताना ती सैल. बार झाला की वायूचा दाब पोकळीत शिरतो, मऊ शिशाचे बूड फुगते आणि खाचांत जाऊन बसते. म्हणजे गोळीने स्वतःच आपले माप बदलायचे, ते देखील नळीत गेल्यावर! मला यातली हुशारी फार आवडते. आबांचा 'नळीला विचार' हा नियम इथे शिशानेच पाळला.

त्यावरून इंग्रजांची १८५३ ची एनफिल्ड रायफल झाली. नळी ०.५७७ इंच, प्रिचेट नावाच्या बंदूककाराच्या पद्धतीची गोळी ०.५६८ इंच. दोन्हींतला फरक नऊ हजारांश इंच. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर पाव मिलिमीटरला थोडा कमी. आणि या फटीत कागद बसवायचा होता. जुन्या काडतुसाचा कागद हे फक्त वेष्टन होते. एनफिल्डच्या काडतुसाचा कागद गोळीभोवती तसाच राहून नळीत जाई, आबांच्या चिंधीसारखा. शिपाई काडतुसाचे दारूचे टोक दातांनी फाडी, दारू नळीत ओती, काडतूस उलटे करून कागदासकट गोळी तोंडाशी बसवी, वरचा रिकामा कागद तोडी आणि ठासी. आता सांगा, नऊ हजारांश इंचाच्या फटीत कागदाच्या घड्या, त्यात नळीला काजळी. हे सरकणार कसे? म्हणून कागदाला गोळीच्या बाजूने वंगण. मूळ कृतीत त्यात जनावराची चरबी होती.

प्रश्नकर्त्याला त्याचे उत्तर मिळाले असेल. दीड मिलिमीटरची फट होती तोवर चरबीची गरज नव्हती. फट पाव मिलिमीटरवर आली आणि ती भरायला जे लागले, ते शिपायाच्या ओठांपर्यंत पोचले. नेम सुधारण्याची ती किंमत होती. ती कुणी मोजायची, हे मात्र मोजणाऱ्याला न विचारता ठरले.

ही काडतुसे १८५३ मध्येच हिंदुस्थानात आली होती, कशासाठी? तर इथल्या हवेत वंगण टिकते का हे पाहायला. शिपायांच्या पडतळ्यांत ती दिवसेंदिवस ठेवून तपासली. हवेची चौकशी झाली, चरबी कोणत्या जनावराची याची झाली नाही. कर्नल टकर नावाच्या अधिकाऱ्याने त्याच वर्षी लिहून सावध केले होते, की हिंदुस्थानी शिपायांना चालेल असे वंगण असल्याची खात्री केल्याशिवाय ही काडतुसे देऊ नयेत. कागद फायलीत गेला.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडमला लोट्याची ती गोष्ट पसरली. ती आपल्या मराठीतही आली आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वर्षी उत्तरेकडे निघाले होते, आणि महूच्या आसपास वाटेत भेटलेल्या शिपायांकडून त्यांनी काडतुसांची हकीकत ऐकली. 'माझा प्रवास' मध्ये ती वाचायला मिळते. वर्तमानपत्रांच्या आधी ती बातमी पायी चालत होती.

सरकारने काय केले? हे फारसे सांगितले जात नाही म्हणून मुद्दाम सांगतो. त्याच जानेवारीच्या अखेरीस हुकूम निघाला, की काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून मेण-तेल आणून आपले वंगण आपण लावावे. वरवर पाहता प्रश्न मिटला! पण शिपायांचा संशय आता कागदावर गेला. नवा कागद तुकतुकीत होता, जळताना चरचरतो असे त्यांचे म्हणणे पडले. फेब्रुवारीत बराकपूरला चौकशी झाली तेव्हा शिपाई हेच सांगत होते. अधिकाऱ्यांना वाटले, हे आता हट्टाला पेटलेत. पुढे दातांऐवजी हाताने फाडायची कवायत सांगितली गेली. मंगल पांडेचा प्रसंग २९ मार्चचा. मेरठला २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या नव्वद सवारांपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतूस घ्यायला नकार दिला. ती काडतुसे जुनी होती, वर्षानुवर्षे वापरलेली. तरी नाही म्हणाले. ९ मे रोजी त्यांना बेड्या घातल्या, १० मे रोजी मेरठ पेटले.

यावर दोन प्रकारची व्याख्याने होतात. एक, अडाणी शिपाई अफवेला भुलले. दुसरे, काडतूस हे निमित्त, खरे कारण वेगळेच. खरी कारणे अनेक होती, खालसा झालेली संस्थाने होती. आपले सातारा १८४८ मध्ये खालसा झाले, रंगो बापूजी त्यासाठी विलायतेत वर्षानुवर्षे खेटे घालून रिकाम्या हाताने परतले, आणि ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारले, हे इथे बसलेल्यांना मी काय सांगू. पण काडतुसाला निमित्त म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. आणि अडाणी तर मुळीच पटत नाही. त्या शिपायाची स्थिती पाहा. त्याच्या आजाने गोळी स्वतः ओतली असेल, चिंधी घरची, तेल घरचे. याच्या हातात जे आले ते दुसऱ्याने मोजलेले, ओतलेले, गुंडाळलेले, माखलेले. त्यात काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि ते तोंडात धरायचे आहे. तो विचारतो, यात काय आहे? आणि ज्यांनी बनवले त्यांनाही ठाऊक नाही; चौकशीत चरबीबद्दल छातीठोकपणे कुणालाच सांगता आले नाही. सरकारने त्याला वंगण परत दिले, पण कागद नाही, गोळी नाही, माप नाही. मग संशय एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर सरकत गेला, यात मला तर्कदोष दिसत नाही. ज्याच्याकडून जाणून घ्यायचे त्याच्यावरचाच विश्वास उडाला, की दुसरे होणार काय?

आता या कथेतला विलक्षण भाग. गोऱ्या पलटणींनी तीच काडतुसे घेऊन दिल्ली आणि अवधची लढाई केली. इथल्या उन्हाने चरबी वितळली, कागदातून निथळली, काडतुसे कोरडी पडली, आणि गोळ्या नळीत रुतू लागल्या. गज ढकलता ढकलेना. म्हणजे ज्या मापासाठी हा सगळा अट्टाहास, ते माप इंग्लंडच्या हवेतले होते. इथल्या हवेत ते स्वतःच्या कसोटीवरही उतरले नाही. बंड मोडल्यावर गोळी ०.५६८ वरून ०.५५० इंचावर आणली, वंगणात मेणाचा भर केला. फट तिप्पट झाली. शिपाई मागत होते ते मेण, आणि नळी मागत होती ती जागा, दोन्ही शेवटी मिळाले. ज्यांनी आधी मागितले त्यांना नव्हे.

पुढचे थोडक्यात. १८६६ पासून स्नायडर रायफल आली, काडतूस मागून भरायचे. तोंडातून ठासायचे नाही म्हटल्यावर सैल गोळीची गरजच संपली, आणि पुढे नियम उलटला: आज हौशी लोक रायफलसाठी शिशाची गोळी ओततात तेव्हा ती खाचांच्या मापाहून एक-दोन हजारांश इंच मोठी ठेवतात, पोलादी कडीतून दाबून त्या मापावर आणतात, म्हणजे ती वायू अडवते आणि नळीत शिसे चोपडत नाही. त्यासाठी आधी नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून बाहेर काढतात आणि त्याच्यावर उमटलेले माप मोजतात. नळीलाच विचारतात, दुसरे काय. आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदुस्थानात गोळी कुणी ओतावी आणि बंदूक कुणी बाळगावी, हा प्रश्न कचेरीत नेऊन ठेवला.

आबांची बंदूक त्यांच्या पश्चात पोलीस ठाण्यात जमा झाली. साचा मात्र घरच्यांनी ठेवला होता, लोखंडी सामानात, आणि मागच्या वर्षी तो मला पाहायला मिळाला. मी त्याची खोबण वर्निअरने मोजली. सोळा मिलिमीटरच्या वर एक रेघ. वीस बोअरहून मोठी, सोळा बोअरहून लहान, कुठल्याच छापील आकड्यात न बसणारी. चिंधीची जागा सोडून नळी किती रुंद असेल, याचा मी अंदाज करत बसलो. तो पडताळून पाहायला आता नळी नाही.